चित्र काढता न येणारा ॲनिमेशनचा दिग्दर्शक

प्रश्न : माझ्या मुलीनं आग्रह करून ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हा जपानी ॲनिमेशनपट दाखवला. त्यातली ती दोन भावंडं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मग तिनं सांगितलं, की तो बनवणाऱ्या इसाओ ताकाहाता यांना चित्रंच काढता येत नव्हती. मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे हे काही माझ्या पचनी पडेना. ज्याला स्वतःला हात काढता येत नाही, तो हाताची अचूक हालचाल दुसऱ्याकडून कशी काढून घेईल? हे खरं आहे का? आणि खरं असेल, तर या माणसानं नेमकं केलं काय?
— एक कलाशिक्षक, सांगली

उत्तर : तुमची मुलगी म्हणते ते खरं आहे. ताकाहाता ॲनिमेटर नव्हते. स्टोरीबोर्डसाठी ते ओबडधोबड आकृत्या काढत, बाण मारत, शेजारी बारीक अक्षरांत सूचना लिहीत. पण पडद्यावर जी माणसं चालताबोलताना दिसतात ती रेखाटणारे हात दुसऱ्यांचे. जपानी ॲनिमेशनमध्ये हा मोठाच अपवाद म्हणायचा. त्यांचे सहकारी हायाओ मियाझाकी स्वतः हातात पेन्सिल घेऊन हजारो चित्रं तपासत, पटली नाहीत तर पुन्हा काढत. ताकाहातांकडे ती सोय नव्हती. त्यांना जे हवं ते शब्दांत सांगावं लागे, आणि मला वाटतं त्यांच्या सगळ्या कामाचं मर्म इथेच आहे. स्वतःची अशी एक ठरलेली रेषा नसल्यामुळे प्रत्येक चित्रपटापाशी ते नव्यानं विचारू शकले, की ही गोष्ट कोणत्या रेषेत काढायची, आणि मुळात ती चित्रांतच का सांगायची?

या माणसाला ॲनिमेशनमध्ये आणलं ते साहित्यानं. ताकाहातांचा जन्म १९३५ सालचा, मिए प्रांतातल्या आजच्या इसे शहरातला. बालपण ओकायामात गेलं. तोक्यो विद्यापीठात त्यांनी फ्रेंच साहित्य घेतलं. तिथे शिकत असताना पॉल ग्रिमो या फ्रेंच दिग्दर्शकाचा एक ॲनिमेशनपट त्यांच्या पाहण्यात आला. मेंढपाळ मुलगी, धुराडं साफ करणारा पोऱ्या आणि एक जुलमी राजा यांची ही गोष्ट, आणि तिची पटकथा लिहिली होती कवी झाक प्रेव्हेर यांनी. हलत्या चित्रांतून राजकारण, प्रेम, माणसाचा एकटेपणा असं सगळं सांगता येतं, हे त्या तरुणाला तिथे दिसलं. प्रेव्हेर तर जन्मभर सोबत राहिले. त्यांच्या कवितांचा जपानी अनुवाद पुढे ताकाहातांनीच केला. ग्रिमोंनी तोच चित्रपट अनेक वर्षांनी मनासारखा पूर्ण केला, तेव्हा तो जपानी प्रेक्षकांपर्यंत आणण्यातही ताकाहातांचा पुढाकार होता.

१९५९ मध्ये पदवी घेऊन ते तोएई दोगा या स्टुडिओत लागले. या स्टुडिओत चित्रकारांची भरती वेगळी होती आणि दिग्दर्शनाकडे जाणाऱ्यांची वेगळी. चित्र न काढणारा तरुण ॲनिमेशन स्टुडिओत शिरला तो या दुसऱ्या दारानं. काही वर्षं सहायक म्हणून गेली, ‘वुल्फ बॉय केन’ या टीव्ही मालिकेचे काही भाग त्यांनी दिग्दर्शित केले. नंतर यासुओ ओत्सुका या नावाजलेल्या ॲनिमेटरनी स्टुडिओपुढे एक अट घातली : नव्या चित्रपटाच्या ॲनिमेशनची जबाबदारी मी घेतो, पण दिग्दर्शक ताकाहाताच हवेत. चित्रकारानं चित्र न काढणाऱ्यासाठी अडून बसावं, यातच तुमच्या शंकेचं अर्धं उत्तर आहे.

तो चित्रपट म्हणजे १९६८ मध्ये प्रदर्शित झालेला ‘होरुस, सूर्याचा राजपुत्र’. मुळात ऐनू या उत्तर जपानमधल्या आदिवासींच्या आख्यानावर बेतलेलं बाहुलीनाट्य होतं, चित्रपटात गोष्ट युरोपच्या उत्तरेकडे नेली. स्टुडिओत त्या दिवसांत कामगार संघटनेची धग होती. ताकाहाता आणि मियाझाकी दोघंही संघटनेच्या कामात पुढे होते. दिग्दर्शकानं हुकूम सोडायचा आणि खालच्यांनी निमूट चित्रं काढायची, ही रीत त्यांनी इथे मोडली. पटकथेवर सगळ्यांनी बोलायचं, पात्रांची रेखाटनं कुणीही करून आणायची. मियाझाकी तेव्हा अगदी खालच्या पायरीवर होते, दोन मुख्य चित्रांमधली चित्रं भरण्याचं काम करत होते. ते कुणी न सांगता गावाचे, घरांचे, जहाजांचे नकाशे आणि रेखाटनं घेऊन येऊ लागले, आणि शेवटी श्रेयनामावलीत त्यांच्यासाठी वेगळं पद निर्माण करावं लागलं.

या चित्रपटात हिल्दा नावाची मुलगी आहे. तिचा गळा गोड आहे, गाव तिच्या गाण्यावर भुलतं, पण ती सैतानाची बहीण म्हणवली जाते आणि गावात फूट पाडायला आलेली असते. तिच्या मनात चाललेली ओढाताण नुसत्या चेहऱ्यावर दाखवायची होती, आणि मुलांसाठीच्या ‘कार्टून’कडून तोवर अशी अपेक्षाच कुणी केली नव्हती. दुसरीकडे काम लांबत गेलं. काही महिन्यांत संपायचा चित्रपट जवळपास तीन वर्षं चालला, स्टुडिओचा धीर सुटला, पैसे आटले. लांडगे गावावर चाल करून येतात तो प्रसंग आणि उंदरांच्या हल्ल्याचा प्रसंग शेवटी स्थिर चित्रांवर भागवावा लागला. आज पाहतानाही तिथे खटकन थांबल्यासारखं होतं. चित्रपटगृहांत तो जेमतेम दहा दिवस टिकला. ताकाहातांची पदावनती झाली, आणि तोएईनं त्यांना पुन्हा चित्रपट दिला नाही. तरी जपानी ॲनिमेशन मोठ्या माणसांच्या मनाशी बोलू लागलं ते या अपयशी चित्रपटापासून, असं तिथले जाणकार मानतात, आणि मलाही ते पटतं.

१९७१ मध्ये ताकाहाता, मियाझाकी आणि ॲनिमेटर योइची कोताबे असे तिघं तोएई सोडून बाहेर पडले. पिप्पी लाँगस्टॉकिंग या बालपुस्तकांतल्या नायिकेवर मालिका करायची होती, पण लेखिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांनी परवानगी नाकारली. त्या तयारीतलं बरंच काही पुढे ‘पांडा, गो पांडा’ या लहानशा चित्रपटात आलं. १९७४ मध्ये मात्र ‘हायडी’ आली. तुमचा प्रश्न हातांच्या हालचालीबद्दल आहे, म्हणून या मालिकेपाशी जरा थांबतो.

आल्प्सच्या डोंगरात आजोबांकडे राहायला गेलेल्या पोरक्या मुलीची ही गोष्ट, ५२ भागांची. मालिकेसाठी ताकाहाता, मियाझाकी, कोताबे ही मंडळी १९७३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मायेनफेल्ड भागात जाऊन राहिली. टीव्हीवरच्या मुलांच्या कार्टूनसाठी परदेशात जाऊन घरं, कुरणं, गोठे पाहायचे, हे त्या काळी कुणाच्या डोक्यातही येत नसे. पहिल्याच भागात हायडी डोंगर चढते. मावशीनं तिच्या अंगावर कपड्यांवर कपडे चढवलेले असतात. चढताना ती घामाघूम होते, एकेक कपडा काढून टाकते आणि शेवटी अंगातल्या पातळ कपड्यानिशी शेळ्यांमागे धावत सुटते. एवढंच घडतं. ना जादू, ना राक्षस. पण पोरीचं अंग हलकं झालेलं बघणाऱ्याला स्वतःच्या अंगात जाणवतं. पुढे आजोबा काटीला चीजचा मोठा तुकडा लावून चुलीतल्या जाळावर धरतात. कडा आधी चकाकते, मग मऊ पडते, मग ओघळू लागते, आणि ती पावावर उतरवली जाते. जपानच्या एका पिढीनं चीज खायची इच्छा पहिल्यांदा या दृश्यामुळे धरली, असं तिकडे अजून सांगतात.

आता हे काम चालायचं कसं ते पाहा. दर आठवड्याला एक भाग. प्रत्येक दृश्याचा लेआउट, म्हणजे कॅमेरा कुठे, माणूस किती मोठा, दार कुठे, डोंगर किती दूर याचा आराखडा, ५२ च्या ५२ भागांसाठी एकट्या मियाझाकींनी काढला. पात्रांची घडण कोताबेंची. अनेक भागांचे स्टोरीबोर्ड केले योशियुकी तोमिनोंनी, ज्यांनी पुढे ‘गंडम’ ही यंत्रमानवांची गाजलेली मालिका उभी केली. ताकाहाता या सगळ्यांच्या मध्ये बसून प्रश्न विचारत. ही मुलगी आत्ता का थांबली? दार उघडताना तिचा हात कडीपर्यंत पोचतो का? आजोबा रागावले आहेत की अवघडले आहेत? चित्रकाराला जे हातवळणीनं येतं तेच तो काढून मोकळा होतो, हे तुम्ही वर्गात रोज पाहत असाल. हातवळणीची ही पळवाट ताकाहातांना उपलब्धच नव्हती, म्हणून ते दुसऱ्यालाही तिकडे जाऊ देत नसत.

त्यानंतर १९७६ मध्ये इटलीहून अर्जेंटिनापर्यंत आईला शोधत जाणाऱ्या मार्कोची मालिका आली, १९७९ मध्ये ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’. ‘ॲन’मध्ये कादंबरीतल्या लांबलचक संभाषणांना त्यांनी कात्री लावली नाही. बडबड्या मुलीला बडबडू दिलं.

हातांच्या प्रश्नाचं सगळ्यात थेट उत्तर मिळतं ते १९८२ च्या ‘गोश, चेलोवादक’ या चित्रपटात. केंजी मियाझावा यांची ही कथा, गावातल्या वाद्यवृंदात बेसूर चेलो वाजवणाऱ्या तरुणाची. रात्री त्याच्याकडे मांजर, कोकीळ, तानुकी या रकूनसारख्या दिसणाऱ्या जपानी प्राण्याचं पिल्लू असे पाहुणे येतात आणि त्यांच्याबरोबर वाजवता वाजवता तो शिकतो. एका छोट्या स्टुडिओतल्या मंडळींनी इतर कामं सांभाळून, वर्षानुवर्षं खपून हा चित्रपट पुरा केला. मुख्य ॲनिमेटर तोशित्सुगु साइदा चेलो शिकायला गेले. तारेवर बोट कुठे पडतं, गज कोणत्या कोनात फिरतो, हे ऐकू येणाऱ्या सुराशी जुळलं पाहिजे होतं. बहुतेक चित्रपटांत वादक पेटीवर नुसते हात फिरवताना दिसतात आणि सूर भलतीकडेच जात असतो. गोशची बोटं सुरावर पडतात. ती बोटं ताकाहातांना काढता आली नसती, पण खोटी बोटं त्यांनी चालवूनही घेतली नाहीत.

तुम्ही पाहिलात तो चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये लागला, मियाझाकींच्या ‘माय नेबर तोतोरो’च्या जोडीनं, एकाच तिकिटात. मूळ कथा अकियुकी नोसाका यांची, १९६७ ची. नोसाकांची धाकटी बहीण युद्धाच्या काळात उपासमारीनं गेली होती आणि तिला आपण वाचवू शकलो नाही हा सल त्यांनी कथेत ओतला. ताकाहातांकडे स्वतःची आठवण होती. २९ जून १९४५ च्या पहाटे ओकायामावर बॉम्बफेक झाली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. झोपेतल्या कपड्यांत, अनवाणी, मोठ्या बहिणीबरोबर ते जळत्या रस्त्यांतून पळाले. आईवडिलांची भेट व्हायला दोन दिवस लागले. कोबे शहरावर पडणारे अग्निबाँब चित्रपटात ज्या पद्धतीनं पडतात, विझतात, पुन्हा पेट घेतात, ते पाहताना ही माहिती लक्षात असू द्या.

हा चित्रपट पुन्हा पाहिलात तर एक प्रसंग मुद्दाम थांबून बघा. आई भाजून पडली आहे आणि सेइताला हे चार वर्षांच्या सेत्सुकोला सांगता येत नाही. शाळेचं मैदान आहे. सेत्सुको वाळूत उकिडवी बसून रडते आहे. चौदा वर्षांचा भाऊ काहीच न बोलता आडव्या लोखंडी दांड्याकडे जातो आणि त्यावर गिरक्या घेऊ लागतो. कॅमेरा दूर आहे, चेहरे दिसत नाहीत. त्या वयाच्या मुलाला दुसरं काय सुचणार? अश्रू दाखवणं सोपं होतं. इथे नुसता फिरणारा देह आहे आणि कोपऱ्यात एक लहानसं गाठोडं झालेली मुलगी. हा निर्णय चित्रकाराचा नाही, तो पाहणाऱ्याचा आहे, म्हणजे दिग्दर्शकाचा. पुढचं काम योशिफुमी कोन्दो यांच्यासारख्या ॲनिमेशन दिग्दर्शकाचं. लहान मुलीचं वजन, तिची पावलं, हट्टानं खाली बसणं त्यांनी इतकं नेमकं उतरवलं, की तिच्या अंगातलं बळ हळूहळू कमी होत जातं तेही नुसत्या हालचालीत कळतं.

दोन तांत्रिक गोष्टी चित्रकलेच्या शिक्षकाला आवडतील. एक, या चित्रपटात आकृत्यांच्या बाह्यरेषा नेहमीच्या काळ्या नाहीत, तपकिरी आहेत. त्यामुळे माणसं पार्श्वभूमीतून उठून येत नाहीत, तिच्यात मुरतात. दुसरी, सेत्सुकोचा आवाज खऱ्याच लहान मुलीचा आहे. जपानमध्ये आधी चित्रं होतात आणि मग त्यावर आवाज चढवतात. इथे तिचे संवाद आधी ध्वनिमुद्रित केले आणि तोंडाच्या हालचाली त्यावर बेतल्या. मुलगी वाक्याच्या मध्येच श्वास घेते, शब्द गिळते, आणि चित्र तिच्या मागे जातं. कामाला इतका वेळ लागला, की चित्रपट लागला त्या दिवशी काही दृश्यांत रंगही भरून झाले नव्हते आणि प्रेक्षकांनी ती तशीच पाहिली.

‘युद्धविरोधी चित्रपट’ हे लेबल ताकाहातांनी मान्य केलं नाही, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. ते स्वतः जपानच्या राज्यघटनेतल्या युद्ध नाकारणाऱ्या नवव्या कलमाचे खंदे समर्थक होते, त्यासाठी जाहीरपणे बोलले. पण भूतकाळातल्या दुःखावर रडल्यानं पुढचं युद्ध टळत नाही, असं त्यांचं म्हणणं. सेइताकडेही ते निव्वळ दयेनं पाहत नव्हते. मावशीचे टोमणे सोसवेनात म्हणून तो बहिणीला घेऊन तळ्याकाठच्या खंदकात राहायला जातो, दोघांचंच एक वेगळं जग उभं करू पाहतो, आणि ते जग टिकत नाही. माणसांपासून तुटून जगता येतं या समजुतीची ती गोष्ट आहे. तुमच्या मुलीशी बोलताना हा धागा जरूर काढा, तरुण मुलांना तो आपल्या काळाचा वाटतो.

१९९१ च्या ‘ओन्ली येस्टरडे’मध्ये त्यांनी रेषेचे दोन प्रकार एकाच चित्रपटात वापरले. ताएको ही तोक्योत नोकरी करणारी २७ वर्षांची तरुणी सुट्टीत यामागाताच्या खेड्यात करडईची फुलं खुडायला जाते, आणि वाटेत तिला पाचवीतली ताएको आठवत राहते. १९६६ च्या आठवणी फिकट आहेत, चौकटीच्या कडांना चित्र पांढऱ्यात विरून जातं. आजचा काळ भरगच्च, प्रत्येक पानासकट. इथे त्यांनी हट्ट धरला, की तरुणी हसते तेव्हा तिच्या गालाचा स्नायू दिसला पाहिजे. जपानी ॲनिमेशनमधल्या तरुण बायकांचे चेहरे अंड्यासारखे गुळगुळीत असतात. गालावर एक जास्तीची रेघ आली की वय वाढतं, म्हणून कुणी ती काढत नाही. यांनी कलाकारांचे आवाज आधी मुद्रित केले, बोलताना त्यांचे चेहरे कसे हलतात ते टिपून घेतलं आणि ती रेघ काढायला लावली. काही प्रेक्षकांना तो चेहरा अजूनही विचित्र वाटतो. मला तो त्या चित्रपटाचा कणा वाटतो.

त्यातलाच अननसाचा प्रसंग. घरात पहिल्यांदा अख्खं अननस येतं आणि ते कापायचं कसं हे कुणालाच ठाऊक नसतं. एकदाचं कळतं, सगळं कुटुंब गोल बसतं, एकेक फोड तोंडात जाते, आणि चेहरे हळूहळू पडतात. कडक आहे. गोडही नाही. केळंच बरं, असं ठरतं. छोटी ताएको मात्र जिद्दीनं चावत राहते, इतरांनी टाकलेल्या फोडीही खाते. परग्रहावरची युद्धं दाखवण्यात गुंतलेल्या कलेनं मिनिटंच्या मिनिटं एका फळावर खर्च करावीत, याला धाडस लागतं. आणि हा चित्रपट त्या वर्षी जपानमध्ये बनलेल्या चित्रपटांत कमाईत पहिला आला.

१९९४ च्या ‘पोम पोको’बद्दल थोडक्यात सांगतो. तोक्योलगतच्या तामा टेकड्या कापून वसाहत उठते आणि तिथले तानुकी रूपं पालटून माणसांशी लढतात. यात एकच प्राणी खऱ्यासारखा, गोष्टीतल्यासारखा आणि व्यंगचित्रासारखा अशा निरनिराळ्या रेषांत दिसतो, प्रसंगानुसार बदलतो. १९९९ च्या ‘माय नेबर्स द यामादाज’मध्ये तर वर्तमानपत्रातल्या चार चौकटींच्या व्यंगचित्राची मोजकी रेघ आणि जलरंगांचा पातळ हात त्यांनी संगणकावर उतरवला. प्रेक्षक फिरकले नाहीत. त्यानंतर १४ वर्षं त्यांचा चित्रपट आला नाही.

१९९९ मध्येच आलेलं त्यांचं एक पुस्तक त्यांची वाट समजायला उपयोगी पडतं. बाराव्या शतकातल्या जपानी चित्रगुंडाळ्यांवर ते आहे. उलगडत जाणाऱ्या लांब पटावर तोच माणूस पुन्हा पुन्हा येतो आणि गोष्ट डाव्या हाताला सरकत राहते. आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र पुढे करत रामायण सांगतात, त्याच्याशी याचं नातं लागतं. या गुंडाळ्यांत रिकामी जागा भरपूर असते आणि रेघ अपुरी सोडलेली असते, उरलेलं पाहणारा पुरं करतो. सगळं रंगवून टाकलेल्या चित्रात पाहणाऱ्याला जागाच राहत नाही, हे ताकाहातांचं म्हणणं इथून आलं. कॅनडातले ॲनिमेशनकार फ्रेडरिक बॅक यांच्या झाडं लावणाऱ्या माणसाच्या चित्रपटावरही त्यांनी एक पुस्तक लिहिलं.

मग २०१३ मध्ये ‘राजकन्या कागुयाची गोष्ट’. बांबूत सापडलेली मुलगी, जपानची अतिप्राचीन कथा, शाळेतल्या पोरालाही ठाऊक असलेली. तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्या एका सरदाराला भारतातलं बुद्धाचं दगडी भिक्षापात्र आणायला सांगितलेलं असतं. शेवटी चंद्रावरून तिला न्यायला बुद्ध आणि वाद्यं वाजवणारे दिव्य जन ढगावर बसून येतात. आपल्याकडच्या लेण्यांतले गंधर्व ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ती मिरवणूक परकी वाटणार नाही. ओसामू तानाबे यांची रेषा आणि काझुओ ओगा यांचे जलरंगी देखावे, असा हा चित्रपट आहे. अडचण अशी, की मूळ रेखाटनात जो जिवंतपणा असतो तो ॲनिमेशनच्या कारखान्यात हरवतो. एकानं काढलेली खरबरीत रेघ दुसरा स्वच्छ करतो, तिसरा तिच्या आत रंग भरतो, आणि तोवर पहिल्या हाताचा झटका निघून गेलेला असतो. ताकाहातांना तो झटका पडद्यापर्यंत पोचवायचा होता. तुटक रेघेच्या आत रंग थांबत नाही, म्हणून प्रत्येक चित्राला जास्तीची चित्रं जोडावी लागली. आठ वर्षं आणि सुमारे ५ अब्ज येन लागले. कमाई खर्चाच्या आसपासही गेली नाही. २०१५ मध्ये ऑस्करचं नामांकन मिळालं.

तुमच्या विद्यार्थ्यांना दाखवण्याजोगा प्रसंग याच चित्रपटात आहे. नामकरणाच्या मेजवानीत दारू प्यालेले पाहुणे कागुयाला तोंड दाखव म्हणून ओरडतात. पडद्याआड बसलेली ती उठते आणि धावत सुटते. दारं मोडत, अंगावरची रेशमी वस्त्रं एकामागून एक गळून पडत, रस्त्यानं, रानानं. आधी तिला चेहरा आहे, मग चेहरा कोळशाच्या फराट्यांत विरतो, मग नुसता वेग उरतो. हे ॲनिमेशन शिन्जी हाशिमोतो यांचं. रागाचं चित्र काढायचं तर भुवया वाकड्या करायच्या, असं आपण मुलांना शिकवतो. इथे खुद्द रेघच संतापली आहे.

प्रश्न : मियाझाकी आणि ताकाहाता यांचं नातं मैत्रीचं होतं की स्पर्धेचं? (याच पत्रातला पुढचा प्रश्न)

उत्तर : दोन्ही, आणि त्यात बरंचसं ऋण मिसळलेलं. ताकाहाता पाचेक वर्षांनी मोठे, तोएईत दोघांची गाठ पडली ती संघटनेच्या कामातून. १९८४ च्या ‘नाउशिका’ या आपल्या चित्रपटासाठी मियाझाकींनी अट घातली, की निर्माते ताकाहाताच हवेत. पुढे घिबली स्टुडिओचे निर्माते झालेले तोशिओ सुझुकी विचारायला गेले, तर ताकाहातांनी वहीभर कारणं लिहून काढली आणि शेवटी निष्कर्ष लिहिला, की मी निर्माता व्हायला लायक नाही. हे कळल्यावर मियाझाकी सुझुकींना घेऊन दारू प्यायला गेले आणि रडले : माझं सगळं तारुण्य या माणसाला दिलं, मला काय मिळालं, असा त्यांचा सूर होता. सुझुकी चिडून पुन्हा गेले, तेव्हा कुठे ताकाहाता तयार झाले. आणि एकदा हो म्हटल्यावर त्यांनी खर्च, वेळापत्रक, स्टुडिओ सगळं काटेकोर सांभाळलं. मियाझाकींच्या ‘लापुता’चेही निर्माते तेच, आणि त्याच सुमाराला १९८५ मध्ये या मंडळींचा घिबली स्टुडिओ उभा राहिला. ‘नाउशिका’तून मियाझाकींना मिळालेले पैसे मग ताकाहातांच्या यानागावा गावच्या कालव्यांवरच्या माहितीपटात गेले. ॲनिमेशनचा हा दिग्दर्शक लोकांनी हातानं गाळ उपसून गावातलं पाणी कसं जिवंत केलं, हे कॅमेऱ्यानं टिपत बसला होता. मला तो माहितीपट त्यांच्या बाकीच्या कामापासून वेगळा वाटत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ताकाहातांबरोबर काम करणं सोपं नव्हतं. वेळ ते पाळत नसत, आणि त्यांच्या हट्टापायी चांगले चांगले चित्रकार पार थकून गेले, हे सुझुकींनी नंतर उघडपणे सांगितलं आहे. स्वतः चित्र न काढणारा माणूस जेव्हा आणखी एकदा काढा म्हणतो, तेव्हा ते पुन्हा काढणारे हात दुसऱ्याचे असतात. ही किंमत खरी आहे आणि त्यांच्या चित्रपटांवर प्रेम करणाऱ्यानं ती नजरेआड करू नये.

५ एप्रिल २०१८ ला तोक्योत ताकाहाता गेले, वय ८२. मे महिन्यात घिबली संग्रहालयात निरोपाचा कार्यक्रम झाला, तिथे मियाझाकी रडत रडत बोलले. तरुणपणी पावसानंतरच्या एका बस थांब्यावर ताकाहाता पहिल्यांदा आपल्याशी बोलले, ही आठवण त्यांनी सांगितली.

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांना यातलं काय दाखवू? (तिसरा आणि शेवटचा)

उत्तर : ‘गोश’ आधी दाखवा. तासाभराचा आहे, संगीत आहे, प्राणी आहेत. ‘ओन्ली येस्टरडे’ मोठ्या मुलींना फार जवळचा वाटतो. त्यात मासिक पाळीवरून वर्गात होणारी कुजबुज आहे, ती न गाळता दाखवा. ‘फायरफ्लाइज’ इतक्यात नको, दाखवायचाच झाला तर नंतर बोलायला एक मोकळा तास हाताशी ठेवा. ‘कागुया’ सव्वादोन तासांच्या आसपास जातो, तेव्हा तो दोन भागांत करा, आणि धावण्याचा तो प्रसंग आधी सलग दाखवून मग एकेक चौकट थांबवत पुन्हा दाखवा. मुलांना कोळसा आणि मोठे कागद द्या आणि पळणारं कुणीतरी काढायला सांगा, खोडरबर न देता.